पहिल्या वर्षाला कॉलेज सोडून पुन्हा प्रवेश घ्यायचाय? आधी दाखल्याचं बघा

दिवाळीच्या सुट्टीला मी पुण्याहून बार्शीला गेले आणि वसतिगृहावर परत गेलेच नाही. गादी, बादली, ड्राफ्टर, वर्कशॉपचा खाकी कोट सगळं तिथंच पडलेलं. घरी सांगून झालं, रडून झालं, मामाचं दोन तासांचं प्रवचन ऐकून झालं. मला वाटलं, सुटलं कॉलेज.

कॉलेज खरं सुटलं ते पुढच्या ऑगस्टमध्ये. अकरा दिवस हेलपाटे घालून, नव्या कॉलेजात हजर व्हायच्या आदल्या दुपारी. मधले नऊ-दहा महिने मी त्यांच्या हजेरीपटावर होते, माझ्या नावावर फी चढत होती आणि माझा बारावीचा मूळ दाखला त्यांच्या कपाटात होता. वर्गात जाणं बंद केलं म्हणजे कॉलेज सोडलं असं होत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

मी २०२३ मध्ये एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटरला होते. २०२४ मध्ये पुन्हा सीईटी देऊन कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल घेतलं. ("कॉम्प्युटर सोडून इलेक्ट्रिकल? वेडी का काय!" असं आत्या अजून म्हणते.) त्यामुळे खालचं सगळं मुख्यतः इंजिनिअरिंगच्या कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. फार्मसी, कृषी यांचं बरंचसं असंच चालतं. मेडिकलची जागा सोडताना दंडाचे नियम वेगळे असतात, त्यांनी हे फक्त कागदपत्रांपुरतं वाचावं.

## १. सोडायचंय की बदलायचंय, हे आधी ठरवा

पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांनाच पळून जावंसं वाटतं. मेसची डाळ, अनोळखी रूममेट, इंग्रजीतून धडाधड चाललेलं एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित. हे निवळतं. पहिली अंतर्गत परीक्षा होईपर्यंत थांबा, असं मी सांगेन. त्यानंतरही सकाळी उठून वर्गात जाताना पोटात गोळा येत असेल तर पुढचं वाचा.

नुसती शाखा नकोशी असेल, तर पहिल्या वर्षाच्या निकालावर त्याच कॉलेजात शाखाबदल मिळू शकतो. रिकाम्या जागा किती आणि कितव्या नंबरापर्यंत मिळाल्या, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, ऑफिसात नको. कॉलेज नको पण शाखा चालेल, असं असेल तर पहिलं वर्ष पूर्ण करून दुसऱ्या वर्षाला बदली मागता येते. त्याला जागा रिकामी हवी, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत हवी, आणि विद्यापीठ बदलत असेल तर विषयांची जुळवाजुळव आलीच. सोपं नाही, पण वर्ष वाचतं.

इथं एक गैरसमज फार आहे. "डायरेक्ट सेकंड इयर" नावाची जी प्रवेशप्रक्रिया असते ती डिप्लोमावाल्यांसाठी आणि बीएस्सी झालेल्यांसाठी. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पास झालो म्हणून त्यातून जाता येत नाही. माझ्या वर्गातल्या एकाने हे गृहीत धरून मे महिना घालवला.

आणि कारण रॅगिंग असेल, तर आधी रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर तक्रार करा: १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असतो. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ आहे, मराठीतून बोलतात. हे दोन्ही केल्यावरही कॉलेज सोडता येतंच.

## २. पुढचं दार उघडं आहे का, ते सोडण्याआधी बघा

- एमएचटी-सीईटी: गुण त्याच वर्षाच्या प्रवेशाला चालतात. गेल्या वर्षीचे ९२ पर्सेंटाइल यंदा शून्य. परीक्षा पुन्हा द्यायची. बारावी कधी पास झालात याला अडथळा नाही.
- जेईई मेन: बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं. म्हणजे ड्रॉपचं वर्ष बसतं. पण पहिल्या सत्राचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सुटतात, दिवाळीत निर्णय घेणाऱ्यांची ही तारीख सहज हुकते.
- जेईई अॅडव्हान्स्ड: सलग दोन वर्षांत दोनच वेळा.
- नीट: किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही.
- सीयूईटी: केंद्रीय विद्यापीठांतून बीए, बीएस्सी करायचं असेल तर.

सीईटीचे अर्ज साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत, परीक्षा एप्रिल-मे, निकाल जूनमध्ये. एनआयटीकडे डोळा असेल तर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा बोर्डातले वरचे वीस पर्सेंटाइल लागतात. तिथं कमी पडत असाल तर श्रेणीसुधारसाठी बारावीला पुन्हा बसता येतं, आणि तो अर्ज तुमच्या जुन्या ज्युनिअर कॉलेजातून भरायचा असतो. दिवाळीच्या सुट्टीतच तिथल्या क्लार्कना भेटून या.

## ३. फीची तारीख

कॅपच्या माहितीपुस्तिकेत दरवर्षी एक कटऑफ तारीख छापलेली असते. त्या तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत किंवा जी वेळ दिली असेल तोवर प्रवेश रद्द केलात, तर एक हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्यानंतर फक्त अनामत रक्कम. बाकी फी गेली.

कटऑफच्या आत रद्द करायचं असेल तर तुमच्या कॅपच्या लॉगिनमधून ऑनलाइन अर्ज करायचा आणि त्याची सही केलेली प्रत कॉलेजात द्यायची. हा सापळा आहे, नीट वाचा: ऑनलाइन विनंती सादर केली की प्रवेश रद्द धरला जातो. "बटण दाबून बघितलं, प्रत दिली नाही, म्हणजे अजून आहे" असं नसतं. बटण दाबायच्या आधी घरच्यांशी भांडून घ्या, नंतर नको.

खाजगी किंवा अभिमत विद्यापीठात असाल तर यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ऑक्टोबर २०१८ चं परिपत्रक बघा. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी सोडलं तर १०० टक्के (त्यातून प्रक्रिया शुल्क कापतात, जास्तीत जास्त ५००० रुपये), त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या पंधरा दिवसांत ८०, पंधरा ते तीस दिवसांत ५०, आणि तीस दिवस उलटल्यावर काही नाही. यूजीसी अधूनमधून त्या-त्या वर्षापुरती सवलतही देते. २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कपात असं होतं. तुमच्या वर्षाचं परिपत्रक शोधा.

दिवाळी उलटली की बहुतेकांच्या हातून ही तारीख गेलेली असते. माझीही गेली होती. पप्पांचे लाखभर रुपये गेले, त्यावर अजून आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

पण तारीख गेलीच असेल, तर मग घाई करायची गरज राहत नाही. पैसे तसेही परत येणार नाहीत. अशा वेळी पहिलं सत्र पूर्ण करून, परीक्षा देऊन, जानेवारीत निर्णय घेतलात तरी चालतं. काहीजण वर्षभर कॉलेज करत करत सीईटी देतात, मागं आधार राहतो म्हणून. ज्याला रोज सबमिशन, प्रॅक्टिकल आणि ७५ टक्के हजेरी सांभाळून बारावीचा अभ्यास झेपतो त्याने करावं. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांची दोन्हीकडे वाट लागली.

## ४. लेखी अर्ज, आणि त्याची पोच

मी चुकले ती इथं. फोनवर वर्गशिक्षकांना सांगितलं, "सर, मी येत नाहीये." ते म्हणाले, "बरं, काळजी घे." झालं. कागदावर काहीच नाही.

निर्णय पक्का झाला की प्राचार्यांच्या नावाने अर्ज करा. असा:

*प्रति, मा. प्राचार्य. विषय: प्रथम वर्षाचा प्रवेश रद्द करून दाखला व मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत.*

*महोदय, मी आपल्या महाविद्यालयात सन … मध्ये प्रथम वर्ष … शाखेत प्रवेश घेतला आहे. वैयक्तिक कारणास्तव मी दि. … पासून शिक्षण पुढे चालू ठेवू शकत नाही. तरी माझा प्रवेश रद्द करून शाळा सोडल्याचा दाखला, जमा केलेली मूळ कागदपत्रे व अनामत रक्कम परत मिळावी, ही विनंती.*

खाली तुमची आणि पालकाची सही, प्रवेश क्रमांक, फी पावतीची झेरॉक्स. "वैयक्तिक कारणास्तव" पुरतं. कॉलेज किती वाईट आहे हे त्यात लिहू नका. सही करणारा तोच माणूस आहे.

दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक-जावक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून म्हणा, "हो सर, एवढा शिक्का द्या." शिक्का मिळत नसेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा आणि कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरही टाका. पुढे फी कुठल्या तारखेपर्यंतची, यावरून वाद झाला तर हा शिक्का कामी येतो.

## ५. नो ड्यूजची प्रदक्षिणा

दाखल्याआधी नो ड्यूजचा फॉर्म. आमच्याकडे त्यावर नऊ चौकटी होत्या: ग्रंथालय, वसतिगृह, मेस, भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, रसायनशास्त्र प्रयोगशाळा, वर्कशॉप, जिमखाना, शिष्यवृत्ती, आणि शेवटी अकाउंट्स. प्रत्येक चौकटीत एक सही. प्रत्येक सहीमागे एक माणूस, आणि त्याचा जेवणाचा वेळ.

ग्रंथालयाने माझ्याकडून इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या पुस्तकाची किंमत आणि वर दहा महिन्यांचा दंड लावला. पुस्तक वसतिगृहात राहिलेल्या माझ्या ट्रंकेत होतं. ट्रंक रूममेटने माळ्यावर टाकलेली, माळ्याची किल्ली वॉर्डनकडे, वॉर्डन गावाला. दोन दिवस गेले. पुस्तक मिळालं, दंड भरला.

वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा निदेशक सर फाइलने काहीतरी घासत होते. फॉर्म बघितला. म्हणाले, "तुझा फिटिंगचा जॉब अर्धा आहे गं." कपाट उघडून त्यांनी तो काढला. व्ही-फिटिंगचा लोखंडी तुकडा, त्यावर माझा रोल नंबर पंचाने ठोकलेला, एका बाजूला गंज चढलेला. "घेऊन जा," म्हणाले आणि सही केली. नऊ चौकटींत एवढी एकच सही पाच मिनिटांत झाली. तो तुकडा आता माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून असतो.

करायचं काय, तर शेवटच्या दिवसासाठी हे ठेवू नका:

- सोडायचं ठरलं की लगेच पुस्तकं परत करा आणि ग्रंथालयाचं कार्ड जमा करा.
- खोलीतलं सामान स्वतः उचला, रूममेटच्या भरवशावर टाकू नका. खोली सोडल्याची नोंद वॉर्डनच्या रजिस्टरमध्ये तारखेसह करून घ्या, नाहीतर वसतिगृहाची फी चालू राहते.
- मेसची, वसतिगृहाची, ग्रंथालयाची अनामत वेगवेगळी असते. तिन्ही पावत्या लागतात. पावत्या पालकांच्या फाइलमध्ये असतील, तिथूनच फोटो मागवून घ्या.
- अकाउंट्सची सही शेवटी असते, म्हणून ती सकाळी दहाला घ्यायला जाऊ नका. बाकी आठ झाल्याशिवाय ते बघतही नाहीत.

## ६. दाखला: सगळं इथं अडतं

नव्या कॉलेजला तुमचा मूळ दाखला लागतो, आणि तो शेवटच्या संस्थेचा लागतो. तुमचा बारावीचा दाखला पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना जमा झाला, आता तो तिथंच राहणार. इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याकडचा नवा दाखला देणार. "माझ्याकडे बारावीच्या दाखल्याची दुसरी प्रत आहे, ती लावते" हा मार्ग कुणी सुचवला तर नको म्हणा. दोन ठिकाणी एकाच वेळी पूर्णवेळ प्रवेश दिसला तर पुढे विद्यापीठाच्या पात्रतेत अडकाल आणि तोवर वर्ष उलटलेलं असेल.

माझं असं झालं. ऑगस्टमध्ये कॅपच्या फेरीत कराड लागलं. हजर व्हायला हातात मोजके दिवस. जुन्या कॉलेजात गेले, तर अकाउंट्सच्या खिडकीतून आवाज आला, "दुसऱ्या वर्षाची फी भरा, मग दाखला." मी दुसऱ्या वर्षाला नाव नोंदवलंच नव्हतं. "तुम्ही अर्ज कुठं दिलाय सोडल्याचा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर एक जण म्हणाला, जागा रिकामी राहिली तर चारही वर्षांची फी द्यावी लागते.

हे चुकीचं आहे. यूजीसीच्या त्या २०१८ च्या परिपत्रकानुसार, ज्या सत्राला किंवा वर्षाला विद्यार्थी शिकणार आहे त्याचीच फी घेता येते, आणि मूळ गुणपत्रिका-दाखले अडकवून ठेवता येत नाहीत. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, एआयसीटीई, तिचेही हेच नियम आहेत. पण नियम तोंडी सांगून खिडकीवरचा माणूस हलत नाही. मी हे केलं:

एक, परिपत्रकाची छापील प्रत जोडून प्राचार्यांना नवा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. दोन, त्याच अर्जाची प्रत तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयात नेऊन दिली. ही कार्यालयं मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावतीला आहेत. तीन, पप्पांना बरोबर नेलं. तिसऱ्याचा किती परिणाम झाला ते सांगायला नको. दोन दिवसांत "साहेबांनी सांगितलंय" असा निरोप आला. पहिल्या वर्षाची जी थोडी बाकी होती ती भरली आणि दाखला हातात पडला.

याच्या पुढची पायरी म्हणजे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यावर लोकपाल. माझ्यावर तिथवर जायची वेळ आली नाही.

दाखला हातात आला की खिडकीपासून हलू नका. तिथंच वाचा:

- नाव आणि आईचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेसारखंच आहे का?
- जात-पोटजात जातीच्या दाखल्याप्रमाणे लिहिलीय का? एक वेलांटी चुकली तरी पुढे पडताळणीवाले विचारतात.
- जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत जुळते का?
- सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलंय?
- शिक्का आणि प्राचार्यांची सही आहे का?

माझ्या दाखल्यावर आईचं नाव चुकलं होतं. तिथल्या तिथं दुरुस्त होऊन आलं. कराडला पोचून कळलं असतं तर काय केलं असतं, देव जाणे. दाखल्याच्या रंगीत झेरॉक्स काढा आणि स्कॅन करून ठेवा. हरवला तर दुय्यम प्रतीसाठी पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र वगैरे सगळं आलं.

विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात, तेही लागतं. ते कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. अर्ज ऑनलाइन, वर फी. ते यायला वेळ लागतो. नवं कॉलेज बहुधा हमीपत्रावर मुदत देतं, दाखल्यासाठी देत नाही.

## ७. महाडीबीटी

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर जुन्या कॉलेजातून शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल आणि तुम्ही मध्येच सोडलंत, तर तो अर्ज तसाच लटकत राहू देऊ नका. शिष्यवृत्ती विभागात लेखी कळवून तो रद्द करून घ्या. माझ्या प्रोफाइलवर जुनं कॉलेज चालू अभ्यासक्रम म्हणून बसलेलं होतं आणि नव्या ठिकाणी अर्ज पुढे सरकेना. ते सोडवायला डिसेंबर उजाडला. पहिला हप्ता खात्यात आला असेल तर तो खर्च करून मोकळे होऊ नका, परत मागितला जाऊ शकतो.

मुलींसाठी एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसीतल्या (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट ही की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर नाही. दुसऱ्यांदा प्रवेश घेताना "कॅप कशाला, थेट कोट्यातून घेऊ" असं घरचे घाईत म्हणतात, तेव्हा हे आठवा.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला कॉलेज सोडल्याचं लेखी कळवा. पुढच्या हप्त्याचा धनादेश जुन्या कॉलेजच्या नावाने निघून गेला की तो परत आणणं वेगळंच काम होतं.

## ८. मधले महिने

अभ्यासाबद्दल थोडंच सांगते, शिकवणारे पुष्कळ आहेत. पीसीएमची सीईटी २०० गुणांची, १५० प्रश्न, तीन तास. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० एकेक गुणाचे. म्हणजे अर्धे गुण एकट्या गणितात. चुकीला गुण कापत नाहीत. ८० टक्के भार बारावीवर, २० टक्के अकरावीवर. पहिल्या वर्षी मी केमिस्ट्रीत वेळ घातला कारण ती आवडायची. दुसऱ्यांदा रोज सकाळी गणिताचे पन्नास प्रश्न घड्याळ लावून सोडवले, एवढाच फरक.

क्लासला पुन्हा लाखभर घालू नका असं मी म्हणेन. गावातल्या अभ्यासिकेत मी बसत होते. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, आठ-आठ तास हलत नसत. त्यांच्यात बसून मोबाइल काढायची लाज वाटते, हा त्याचा मोठा फायदा.

लग्नकार्यात लोक विचारणार, "मग आता काय करतेस?" त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा. माझं होतं, "परत सीईटी देतेय, कॉलेज बदलणार आहे." यापुढे कुणी काही विचारलं तर आईने विषय बदलायचा, असं आमचं ठरलेलं.

## ९. पुन्हा कॅप: कागदांची फाइल

जूनमध्ये निकाल लागण्याआधी हे सगळं मूळ प्रत आणि स्कॅन अशा दोन्ही स्वरूपांत तयार हवं:

- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका
- शेवटच्या संस्थेचा दाखला (अजून मिळाला नसेल तर त्यासाठीच्या अर्जाची पोच जवळ ठेवा)
- राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला आणि जात वैधता
- नॉन-क्रीमीलेअर, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. गेल्या वर्षीचं काढलेलं संपलेलं असू शकतं, हे हमखास विसरलं जातं.
- ईडब्ल्यूएस असेल तर त्याच आर्थिक वर्षाचं
- उत्पन्नाचा दाखला
- आधार, बँक खातं आधारला जोडलेलं

सेतूत किंवा महा-ई-सेवा केंद्रात जूनमध्ये चेंगराचेंगरी असते. मार्च संपला की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन अर्ज टाका.

गॅपच्या प्रतिज्ञापत्राबद्दल सावध राहा. कोर्टाबाहेर बसलेल्या टायपिस्टकडे याचा तयार मजकूर असतो: "सदर कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही." तुम्ही घेतलेला आहे! बारावीनंतर सरळ घरी बसलेल्यांसाठी तो मजकूर आहे. तुमचा कॉलेजचा दाखलाच सांगतो की तुम्ही कुठून कुठपर्यंत कुठं होता. दाखल्यावरच्या सोडल्याच्या तारखेनंतर खंड असेल तेवढ्याचंच प्रतिज्ञापत्र करा, आणि आधीचा प्रवेश त्यात स्पष्ट लिहा. लपवायला जाल तर जुन्या विद्यापीठातली तुमची पीआरएन (कायमचा नोंदणी क्रमांक) नोंद कधीतरी समोर येतेच.

पसंतीक्रम भरताना दुसऱ्यांदा येणारी मुलं दोन चुका करतात. एक, घाबरून खालची कॉलेजं वर टाकतात. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम लागला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत चांगलं बघू म्हणता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच नाव टाका जिथं उद्या बॅग घेऊन जायला तयार आहात. दुसरी चूक, ज्या कारणाने आधीचं सोडलं तेच पुन्हा भरतात. वसतिगृह झेपलं नाही म्हणून सोडलेली मुलगी पुन्हा चारशे किलोमीटरवरचं कॉलेज टाकते, कारण त्याचा कटऑफ मोठा. मी यादी करताना पहिल्या रकान्यात कटऑफ लिहिलाच नव्हता. फी, बार्शीहून एसटीला लागणारे तास, आणि मुलींचं वसतिगृह आवारात आहे का, हे तीनच रकाने.

जागा लागली की हजार रुपये भरून ती स्वीकारायची, आणि कॉलेजात हजर होताना मूळ कागद. वरचा सहावा मुद्दा, दाखल्याचा, पूर्ण झालेला असेल तर ही पायरी अर्ध्या दिवसाची आहे.

## १०. नव्या कॉलेजात पहिला आठवडा

पात्रता फॉर्म भरताना "यापूर्वी या किंवा अन्य विद्यापीठात प्रवेश घेतला आहे का" असा रकाना येतो. हो लिहा, जुना पीआरएन द्या. एबीसीचं, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, खातं नवं काढू नका, जुनंच चालतं. आधीच्या कॉलेजात काढलं असेल तर डिजिलॉकरमध्ये क्रमांक सापडतो. पहिल्या सत्राचे काही विषय तुम्ही पास झाला असाल तर त्यांचे क्रेडिट धरतात का, हे परीक्षा विभागात लेखी विचारा. मी विचारलं नाही, सगळं पुन्हा केलं. वर्कशॉपसुद्धा. फिटिंगच्या पहिल्या दिवशी सगळी मुलं फाइल कशी धरायची ते बघत होती आणि मी व्हाइसमध्ये तुकडा अडकवून घासायला लागले होते. निदेशक म्हणाले, "आधी कुठं शिकलीस?" मी सांगितलं, पुण्यात, अर्धं.